वेगाचा वाद, वचकाचा प्रश्न

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत एक परिसंवाद झाला. विषय आपल्याकडच्या सरकारी उद्योगांच्या खासगीकरणाचा, पण दहाव्या मिनिटाला गाडी वॉर्सा-मॉस्कोच्या रुळावर गेली. पहिले वक्ते म्हणाले, पोलंड बघा. एका रात्रीत बाजार खुला केला आणि आज त्यांची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. दुसरे म्हणाले, रशिया बघा. एका रात्रीत बाजार खुला केला आणि देश मूठभर धनदांडग्यांच्या घशात गेला. शिकायचं तर चीनकडून शिका, दगड चाचपत नदी कशी ओलांडायची ते. पुढचा दीड तास हेच चाललं. टाळ्या दोघांनाही पडल्या. प्रश्नोत्तरांत सहकार खात्यातून ऑडिटर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. "साहेब, ते हळू की जोरात हे राहू द्या. विकलं तेव्हा हिशेब कोण तपासत होतं?" सूत्रसंचालकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि थेट आभारप्रदर्शनाला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मुद्द्याचं बोलले ते एवढेच एक. पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघातल्या साम्यवादी राजवटी कोसळून पस्तीस वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडचा वाद अजून घाई की सबुरी याच खुंट्याभोवती फिरतो. माझं म्हणणं असं की, या देशांची गत वेगाने ठरली नाही. जुनी मालकी गेली आणि नवी बसायची होती, त्या मधल्या काळात नव्याने श्रीमंत होणाऱ्यांवर कुणाचा वचक होता का, यावर ती ठरली. वचक होता तिथे घाईही पचली आणि सबुरीही. नव्हता तिथे दोन्हींत लूटच झाली. आणि हा वचक बऱ्याच देशांत घरचा कमी, बाहेरून उसना आणलेला जास्त होता. त्या उसनवारीचं व्याज सामान्य माणसांनी भरलं, याचा उल्लेख दोन्ही वक्त्यांपैकी कुणीच केला नाही.

आधी पोलंड घेतो, कारण त्याचीच गोष्ट सगळ्यात अर्धवट सांगितली जाते. १ जानेवारी १९९० रोजी अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली. बहुतेक किमतींवरचं नियंत्रण उठलं, अनुदानं कापली गेली, झ्वॉटीचा दर डॉलरला ९,५०० असा बांधला गेला. एकट्या जानेवारीत किमती जवळपास ८० टक्क्यांनी वाढल्या. पगारांना मात्र वेसण होती. सरकारी कारखान्याने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाढ दिली की त्यावर जबर दंडात्मक कर बसे. वॉर्साच्या फुटपाथांवर लोकांनी घरातल्या घडीच्या खाटा आणून टाकल्या आणि त्यांवर साबण, मोजे, कॅसेट, स्वेटर मांडले. मांस तर ट्रकच्या मागच्या फळीवरूनच तोलून विकलं जाऊ लागलं. वर्षानुवर्षं रांगेत उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला आता माल दिसत होता, पण खिशातले पैसे पुरत नव्हते. पुढे खाटांच्या जागी पत्र्याच्या टपऱ्या आल्या. त्यांचं झाकण वरच्या बाजूला उघडायचं, म्हणून पोलिश माणूस त्यांना 'जबडे' म्हणायचा.

हे चित्र खरं आहे आणि 'एका रात्रीत'वाल्यांना ते फार आवडतं. पण ती रात्र बरीच लांब होती. कुणालाही धंदा काढायची मोकळीक देणारा कायदा मिएचिस्वाव विल्चेक या उद्योगमंत्र्याने खुद्द साम्यवादी सरकारच्या काळात केला होता आणि तो १ जानेवारी १९८९ पासून लागू होता. शेतजमिनीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग साम्यवादी काळातही खासगी शेतकऱ्यांकडेच राहिला होता, त्यामुळे खरेदी-विक्री, सातबारा, वारसा या गोष्टी खेड्यातल्या माणसाला परक्या नव्हत्या. (सातबारा हा आपला शब्द, पण अर्थ तोच.) कंपनी कायदा नव्याने लिहावा लागला नाही, कारण १९३४ ची व्यापारी संहिता कपाटात पडून होती. ती धूळ झटकून वापरात आणली. आणि मोठे सरकारी कारखाने? ते तर पोलंडने सावकाश विकले. पाचशेवर कारखाने राष्ट्रीय गुंतवणूक निधींकडे सोपवायला दशकाचा मध्य उजाडला. म्हणजे किमतींच्या बाबतीत झटका, मालकीच्या बाबतीत कूर्मगती. दोन्ही वक्ते ज्या पोलंडबद्दल भांडत होते, तो पोलंड दोघांच्याही साच्यात बसत नाही.

वॉर्साचा शेअर बाजार १६ एप्रिल १९९१ रोजी उघडला, तो पक्षाच्या केंद्रीय समितीच्या जुन्या मुख्यालयात. नियतीने काढलेल्या चिमट्यांत हा माझा आवडता. पहिल्या दिवशी यादीत कंपन्या होत्या पाच. एक काचसामानाची, एक कोट शिवणारी, एक स्पीकर बनवणारी, एक तारांची आणि एक बांधकामाची. पाचच का? कारण त्याच वर्षी नेमलेला बाजार नियामक कडक होता. माहितीपत्रक पूर्ण नसेल, हिशेब जाहीर नसतील, तर दार बंद. शेजारच्या चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये, नेमकं उलटं झालं. तिथे हजाराहून जास्त कंपन्या एकदम बाजारात ओतल्या गेल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र रोखे आयोग स्थापन झाला १९९८ मध्ये. तोवर तबेल्यातले घोडे पळाले होते आणि तबेल्याची कौलंही.

चेक प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो चालवणारे लोक भ्रष्ट नव्हते, प्रामाणिकपणे आत्मविश्वासू होते. अर्थमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले व्हात्स्लाव क्लाऊस यांचं तत्त्वज्ञान सरळ होतं. मालमत्ता आधी लोकांच्या हाती द्या, योग्य मालक बाजार आपोआप शोधेल, नियम मागाहून येतील. प्रौढ नागरिकाने एक पुस्तिका आणि तिच्यावर चिकटवायचं तिकीट घ्यायचं, एकूण खर्च १,०३५ क्राउन. त्यावेळच्या सरासरी मासिक पगाराचा साधारण चौथा हिस्सा. या पुस्तिकेतल्या गुणांनी कारखान्यांचे शेअर घ्यायचे. सुरुवातीला लोक बिचकले. मग व्हिक्टर कोझेनी नावाचा एक तिशीही न गाठलेला तरुण टीव्हीवर जाहिराती करू लागला. पुस्तिका माझ्या निधीकडे द्या, एक वर्ष आणि एका दिवसाने दहापट पैसे देतो. निधीचं नाव होतं हार्वर्ड. त्या विद्यापीठाशी निधीचा काही संबंध नव्हता, कोझेनी फक्त तिथे शिकला होता. रांगा लागल्या. पहिल्या फेरीत चेक आणि स्लोव्हाक मिळून सुमारे ८५ लाख नागरिक उतरले. कोझेनी पुढे बहामा बेटांवर राहायला गेला, चेक न्यायालयाने त्याला त्याच्या गैरहजेरीत शिक्षा सुनावली. बाकीचे अनेक मोठे निधी अशा बँकांचे होते, ज्यांत सरकारचाच मोठा वाटा होता. म्हणजे बँकेचा निधी कारखान्याचा मालक, तीच बँक कारखान्याला कर्ज देणार आणि कर्ज बुडलं तर भरपाई सरकारकडून. कारखान्याची यंत्रं, जागा, नफ्यातले धंदे कारभाऱ्यांच्या खासगी कंपन्यांना पडेल भावात विकले जात आणि मूळ कंपनीत कर्ज तेवढं उरे. याला चेक लोकांनी 'बोगदा खणणं' असा शब्द काढला आणि तो जगभरच्या अर्थशास्त्रात गेला. आपल्याला नवा शब्द लागत नाही. सहकारी साखर कारखाना आधी आजारी कसा पडतो आणि मग लिलावात कुणाच्या आप्तांकडे जातो, याच्या कहाण्या आणि आरोप ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला कुंपणानेच शेत खाणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

आता रशिया. शॉक थेरपीने, म्हणजे एका झटक्यात बाजार खुला करण्याने, रशिया बुडाला, हे वाक्य इतक्यांदा म्हटलं जातं की शॉक नेमका कुठे बसला हे कुणी तपासत नाही. २ जानेवारी १९९२ रोजी उपपंतप्रधान येगोर गायदार यांनी किमती मोकळ्या केल्या, पण तेल आणि वायू त्यातून वगळले. ज्याच्या हातात निर्यात परवाना, त्याने देशात मातीमोल भावाने रुबलमध्ये तेल घ्यायचं आणि बाहेर डॉलरमध्ये विकायचं. याला खुला बाजार म्हणायचं तर आपल्या लायसन्स-परमिट राजलाही तेच म्हणावं लागेल. रुबल तर एका घराचा चेकबुक पंधरा भावांकडे असावा तसा होता. सोव्हिएत संघातून फुटलेल्या प्रजासत्ताकांच्या मध्यवर्ती बँका १९९३ पर्यंत रुबलमध्ये कर्जं वाटत होत्या आणि खुद्द मॉस्कोची बँक डबघाईला आलेल्या कारखान्यांना पैसा पुरवत होती. १९९२ मध्ये महागाई सुमारे २,५०० टक्क्यांवर गेली. गायदार त्याच वर्षअखेरीस पायउतार झाले. लोकांच्या हातात १०,००० रुबल दर्शनी किमतीचं खासगीकरणाचं व्हाउचर पडलं. एका व्हाउचरमध्ये दोन व्होल्गा मोटारी येतील, असं खासगीकरणाचे प्रमुख अनातोली चुबाइस म्हणाले होते. बऱ्याच जणांनी ते वोडकाच्या बाटल्यांच्या भावात विकलं.

आणि खरी लूट झाली ती घाईच्या काळात नव्हे, त्यानंतर तीन-चार वर्षांनी, १९९५ मध्ये. सरकारला निवडणुकीआधी पैसे हवे होते. बँकांनी कर्ज द्यायचं आणि तारण म्हणून तेल-धातूंच्या कंपन्यांचे शेअर ठेवायचे, अशी योजना निघाली. लिलाव घेणारी बँक आणि जिंकणारी बँक बहुधा एकच असायची. नोरिल्स्क निकेलचे ३८ टक्के १७ कोटी डॉलरला गेले, युकोस या तेल कंपनीचे ४५ टक्के १५.९ कोटीला. यात 'शॉक' कुठला आणि 'थेरपी' कुठली? आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, एवढंच.

कुणी म्हणेल, सरकारी मालमत्ता स्वस्तात जाणं हे प्रत्येक औद्योगिक देशाच्या सुरुवातीला होतंच. बरोबर आहे. मेइजी काळातल्या जपाननेही १८८० च्या दशकात सरकारी कारखाने आणि खाणी मर्जीतल्या घराण्यांना दिल्या. नागासाकीची गोदी मित्सुबिशीकडे गेली, मिइकेची कोळसा खाण मित्सुइकडे. पण त्याच सरकारला मित्सुबिशीची जहाज वाहतुकीतली मक्तेदारी डोईजड वाटू लागली, तेव्हा त्याने समोर दुसरी कंपनी उभी केली आणि दोघींत इतकं तुंबळ दरयुद्ध झालं की १८८५ मध्ये त्यांना एकत्र यावं लागलं. घराणी श्रीमंत झाली, पण सरकारच्या खुर्चीत घराणी बसली नाहीत. रशियात १९९६ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यामागे त्याच बँकवाल्यांचा पैसा आणि वाहिन्या उभ्या होत्या, तेव्हा वचक कोण कुणावर ठेवत होतं?

सबुरीच्या बाजूने बोलणाऱ्यांना युक्रेनबद्दल विचारावं. स्वातंत्र्यानंतरची तीन वर्षं युक्रेनने काही म्हणता काही घाईने केलं नाही. किमती अर्ध्यामुर्ध्या बांधलेल्या, कारखाने सरकारी, अनुदानं चालू, नोटांचा छापखाना जोरात. १९९३ मध्ये महागाई १०,००० टक्क्यांच्या वर गेली. सबुरीचं फळ गोड असतं म्हणतात. इथे ते रशियातून येणाऱ्या वायूच्या दलालांनी खाल्लं. त्या दशकाच्या अखेरीस युक्रेनमध्ये जे अब्जाधीश उभे होते, ते रशियन अब्जाधीशांचे सख्खे चुलतभाऊ शोभावेत. १९९० च्या सुमारास पोलंड आणि युक्रेनची माणशी कमाई एकमेकांच्या जवळपास होती. नंतर दोघांतली दरी वाढतच गेली. उलट स्लोव्हेनियानेही सबुरीच धरली, कामगार आणि व्यवस्थापकांनाच बराच वाटा दिला, परक्यांना फारसं काही विकलं नाही, आणि २००४ मध्ये युरोपीय संघात आलेल्यांपैकी युरो सगळ्यात आधी, २००७ मध्ये, त्याच देशाने घेतला. मग सबुरी चांगली की वाईट?

चीनचं उदाहरण यापेक्षा वजनदार आहे, ते टाळता येणार नाही. चीनने भाव दुहेरी ठेवले, म्हणजे ठरलेल्या मालाला सरकारी आणि उरलेल्याला बाजाराचा, सुरुवातीला कारखाने विकले नाहीत, सुरुवात खेड्यांपासून केली आणि कोट्यवधी लोकांना दारिद्र्यातून वर काढलं. पण १९७८ चा चीन हा शेतकऱ्यांचा देश होता. दहांतले सात जण शेतीत. जमीन कसायला कुटुंबाकडे दिली की उत्पादन वाढत होतं, कुणाची नोकरी जात नव्हती. पोलंड-रशियात बहुसंख्य लोक कारखान्यांत आणि कचेऱ्यांत, म्हणजे ज्या व्यवस्थेला हात घालायचा तिच्यातच बसलेले होते. दुसरं, चीनमध्ये पक्ष सत्तेवर राहिला, त्यामुळे दुहेरी भावातून पैसा करणाऱ्याच्या मानेवर सुरी टांगती होती. हाही वचकच. तो कायद्याचा नव्हता, पक्षाचा होता, आणि १९८९ च्या जूनमध्ये तिआनआनमेन चौकात त्याची किंमत दिसली. भाववाढ आणि अधिकाऱ्यांची नफेखोरी ही त्या आंदोलनामागच्या कारणांपैकी दोन होती. प्राग किंवा पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या माणसाला तो रस्ता घ्या म्हणून सांगणं म्हणजे जे उलथवायला तो रस्त्यावर उतरला तेच परत मागा म्हणून सांगणं.

सबुरीवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी खाली मान घालून मान्य करतो. माणसं मेली. रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ६४-६५ वर्षं होतं, ते १९९४ पर्यंत ५८ च्या खाली आलं. शांततेच्या काळात औद्योगिक देशात असं होत नाही. पोलंडमध्ये तसे मृत्यू झाले नाहीत, पण १९९१ च्या कायद्याने सरकारी शेतमळे मोडीत निघाले आणि उत्तर-पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये लाखो कुटुंबं अशी अडकली की घर तिथे, शाळा तिथे, आणि काम पन्नास कोसांवरही नाही. १९९३-९४ मध्ये बेकारी १६ टक्क्यांपर्यंत गेली. वूच हे पोलंडचं गिरण्यांचं शहर. माल जायचा सोव्हिएत संघाला, कामगारांत बायका जास्त. १९९१ मध्ये गिऱ्हाईकच नकाशावरून पुसलं गेलं. १९८८ च्या सुमारास साडेआठ लाखांची वस्ती असलेलं हे शहर आता साडेसहा लाखांच्या आसपास आहे. पोझ्नान्स्की घराण्याच्या लाल विटांच्या जुन्या गिरणीत २००६ मध्ये 'मानुफाक्तुरा' नावाचा भलामोठा मॉल उघडला. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये सरकत्या जिन्यावर उभं राहून वर पाहिलेल्या माणसाला मी आणखी काय सांगू? आपल्याकडे तर कुठला साम्यवाद कोसळला नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरणीच्या जमिनीचं काय करायचं, हा प्रश्न तिथल्यासारखाच इथेही कामगाराला विचारला गेला नाही.

तेव्हा घाईवाल्यांनी पोलंडचं यश सांगताना या वस्त्यांचा हिशेब जोडावा. आणि आणखी एक हिशेब. एप्रिल १९९१ मध्ये पाश्चात्त्य सरकारांनी पोलंडला दिलेलं आपलं निम्मं कर्ज माफ केलं. १९४८ च्या जूनमध्ये पश्चिम जर्मनीचे आर्थिक कारभारी लुडविग एऱ्हार्ड यांनी किमतींवरची नियंत्रणं उठवली आणि जर्मन दुकानं रातोरात भरली, ही गोष्ट बाल्त्सेरोविच यांचे चाहते फार सांगतात. त्याच जर्मनीचं जवळपास निम्मं कर्ज १९५३ च्या लंडन करारात सोडून दिलं गेलं आणि अमेरिकेच्या मार्शल योजनेतला मदतीचा पैसा आधीच येत होता, हे ते सांगत नाहीत. रशियाच्या गळ्यात मात्र सगळ्या सोव्हिएत संघाचं कर्ज पडलं आणि त्या पहिल्या, निर्णायक वर्षांत तशी माफी मिळाली नाही. पोलंडचे सल्लागार जेफ्री सॅक्स मॉस्कोलाही सल्ला देत होते आणि मदत मागत होते, ती वेळेत आली नाही. मदत आली असती तर गायदार टिकले असते का? माहीत नाही. पण एका विद्यार्थ्याची फी माफ करायची, दुसऱ्याकडून वडिलांची थकबाकीही वसूल करायची आणि मग निकालावरून दोघांची हुशारी मोजायची, हा न्याय नव्हे.

यावर नेहमीचं उत्तर येतं की, पोलंडचं नशीब म्हणजे जर्मनीचा शेजार. नकाशा खोटा नाही, पण पुरेसाही नाही. बेलारूसचं ब्रेस्त पोलंडच्या सीमेला खेटून आहे. त्याचं काय झालं? शेजारापेक्षा शेजाऱ्याने घातलेली अट महत्त्वाची ठरली. जून १९९३ मध्ये कोपनहेगनला युरोपीय संघाने जाहीर केलं की लोकशाही, कायद्याचं राज्य, चालती बाजारव्यवस्था आणि संघाचे सगळे नियम पाळण्याची तयारी असेल तर दार उघडं आहे. नियमांची पानं सुमारे ८०,०००. त्यांत अंड्यांवरच्या शिक्क्यांपासून बँकांच्या देखरेखीपर्यंत सगळं. कंटाळवाणं काम, पण कंटाळवाण्या कामातच वचक असतो.

स्लोव्हाकियात तो उघड दिसला. पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांच्या राजवटीत कारखाने मर्जीतल्यांना वाटले जात होते. कोशित्सेचा प्रचंड पोलाद कारखाना एका माजी मंत्र्याच्या गोटात गेला. डिसेंबर १९९७ मध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत चेक, पोलंड, हंगेरी संघप्रवेशाच्या वाटाघाटींच्या पहिल्या गटात आले, स्लोव्हाकिया बाहेर राहिला. जो कालपर्यंत एकाच घरात होता, त्या चेक भावाला दारातून आत जाताना पाहणं स्लोव्हाक मतदाराला झोंबलं. सप्टेंबर १९९८ च्या निवडणुकीनंतर मेचियार सत्तेबाहेर गेले. २००० मध्ये कोशित्सेचा डबघाईला आलेला कारखाना अमेरिकन कंपनीने घेतला आणि १ मे २००४ रोजी स्लोव्हाकिया बाकीच्यांबरोबरच संघात आला. बाहेरून बसलेला धाक आणि आतून पडलेलं मत, दोन्ही लागले.

परक्यांना विकलं म्हणजे देश विकला का? मला ही भीती पोकळ वाटत नाही. चेक देशात बँका बहुतांश परकी आहेत, हंगेरीतही बराच काळ होत्या, आणि नफा बाहेर जातो. पण एक गोष्ट आपल्या अंगणातलीच. म्लादा बोलेस्लाव्हची श्कोडा, आपण तिला स्कोडा म्हणतो, १९९१ मध्ये फोक्सवॅगनकडे गेली. क्लाऊस यांच्या पुस्तिकांच्या वाटेने गेली नाही. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, तिने औरंगाबादजवळ शेंद्र्याला ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. बोगदे खणून रिकाम्या झालेल्या किती चेक कंपन्या मराठवाड्यापर्यंत पोहोचल्या?

तरीही युरोपीय संघाची आरती ओवाळणाऱ्यांशी माझं भांडण आहे. दार उघडलं ते दोन्ही बाजूंनी. भांडवल आत आलं, माणसं बाहेर गेली. २००४ मध्ये ब्रिटनने आपला श्रमबाजार लगेच मोकळा केला. वर्षाला पाच ते तेरा हजार लोक येतील असा तिथल्या सरकारला मिळालेला अंदाज होता. आले लाखांनी. आईवडील लंडन किंवा डब्लिनला, पोर आजीकडे, अशा मुलांसाठी पोलिश भाषेत 'युरो-अनाथ' असा शब्दच रुजला. कोकणातल्या वाचकाला हे नवं नाही. दर महिन्याला पोस्टमनची वाट पाहणारी, चाकरमान्याच्या मनिऑर्डरवर चालणारी घरं त्याने पाहिली आहेत. फरक असा की मुंबईचा चाकरमानी गणपतीला परत येत असे. बल्गेरियाची लोकसंख्या १९८९ मध्ये ९० लाखांच्या आसपास होती, २०२१ च्या शिरगणतीत ६५ लाख. जन्म कमी झाले हे एक कारण, पण तरुण गेले हे दुसरं. बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो घेतला. एकात्मीकरण पूर्ण झालं म्हणायला हरकत नाही, एक चतुर्थांशाहून जास्त देश त्यात उरला नाही एवढंच.

आणि उसना वचक दाराशीच संपतो. वाटाघाटी चालू असताना ब्रसेल्स, म्हणजे युरोपीय संघाचं मुख्यालय, काहीही मागू शकतं. सभासद झाल्यावर फार काही मागता येत नाही. नव्वदच्या दशकात हंगेरी हा वर्गातला हुशार विद्यार्थी होता. २०१० नंतर पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी दोन-तृतीयांश बहुमताच्या जोरावर नवी राज्यघटना आणली, माध्यमांचा कायदा बदलला. युरोपीय संसदेने सप्टेंबर २०१८ मध्ये कारवाईचं कलम लावलं. पण त्या कलमाची अंतिम शिक्षा व्हायला बाकीच्या सगळ्या देशांचं एकमत लागतं, आणि ते होणार कसं? बाहेरच्या मास्तरांच्या छडीवर जे शिकलं, ते मास्तर गेल्यावर टिकेल याची हमी कधीच नव्हती. टिकायला घरातलाच कुणीतरी जागा लागतो.

हा प्रश्न कीव्हमध्ये आज चालू आहे. युक्रेनला उमेदवारीचा दर्जा मिळाला जून २०२२ मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर चार महिन्यांनी. वाटाघाटी औपचारिकपणे सुरू झाल्या २०२४ च्या जूनमध्ये. तिथली भ्रष्टाचारविरोधी तपास यंत्रणा आणि तिचं खास अभियोक्ता कार्यालय या दोन्ही संस्था २०१४ नंतर, बऱ्याच अंशी पाश्चात्त्य अटींमुळे उभ्या राहिल्या. २२ जुलै २०२५ रोजी संसदेने एका दिवसात कायदा करून दोन्हींचं स्वातंत्र्य काढून घेतलं आणि राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी सही केली. ब्रसेल्सने स्पष्टीकरण मागितलं. पण त्याआधीच, क्षेपणास्त्रं पडत असलेल्या शहरात, रात्रीच्या संचारबंदीपूर्वीच्या तासांत पोरं-पोरी रस्त्यावर जमली होती. फलक करायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी खोक्यांचे पुठ्ठे फाडले आणि मार्करने लिहिलं. त्यांच्यातल्या बहुतेकांचा जन्म सोव्हिएत संघ मोडल्यानंतरचा. घाई की सबुरी हा वाद त्यांना कुणी शिकवला असेल तर परीक्षेपुरता. ते मागत होते ते इतकंच की हिशेब तपासणाऱ्याला मोकळं सोडा. ३१ जुलैला संसदेने कायदा फिरवला. बाजूने ३३१ मतं पडली, विरोधात एकही नाही.